तेवीस कपडे नेले, एकोणीस परत आणले : वापरलेल्या कपड्यांची दुकानं नक्की बघतात तरी काय?

वेलांटी
दोन रविवार घालवून कपाट आवरलं. वर्षभरात अंगाला लागलं नाही ते बाहेर, असा नियम. तेवीस कपडे निघाले. सगळे धुतले, इस्त्री केली, घड्या घालून दोन पिशव्यांत भरले आणि वापरलेले कपडे विकत घेणाऱ्या एका दुकानात घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने एकेक कपडा उचलला, आत हात घातला, बाह्या उलट्या केल्या आणि दोन ढीग केले. दहा मिनिटंसुद्धा लागली नसतील. एका ढिगात चार, दुसऱ्यात एकोणीस. "हे चार ठेवतो आम्ही."

त्या चारात काय, तर एक जुना डेनिमचा शर्ट. पिशवीत जागा उरली म्हणून कोंबलेला. आणि परत काय आलं, तर माझा निळा लोकरी कोट! त्याला मी तेव्हाचा अर्धा पगार मोजलाय आणि तो मोजून तीनदा घातलाय. इतकं ओशाळल्यासारखं झालं की का नको तेही विचारलं नाही. पिशव्या उचलल्या आणि निघाले.

तर जाणकारांनो, ही दुकानं काय बघून घेतात? कोटात काय कमी होतं? आणि "रोख हवेत की दुकानातली खरेदी?" असं तिने विचारलं तेव्हा मी गडबडीत रोख म्हणाले. चुकलं का?

दीडशहाणा
तीनदा घातलेला कोट तुम्हाला नको होता, दुकानालाही नको झाला. यात मतभेद कुठे आहे?

वेलांटी
दीडशहाणा, आयडी सार्थ आहे तुमचा.

पानगळ
माझ्या वेळी सात टी-शर्ट परत आले होते. कोरे करकरीत, पिशवीसुद्धा न फोडलेले. ऑफिसच्या कार्यक्रमांत मिळालेले, पाठीवर कंपनीचं बोधवाक्य. मी हट्टाने म्हटलं, अहो नवे आहेत! दुकानदार शांतपणे म्हणाला, "तुम्ही हे स्वतः पैसे देऊन घेतले असते का?" आता ते टी-शर्ट पंखे पुसतात.

गल्ल्यामागून
एरवी वाचनमात्र असतो, पण हा धागा माझ्या पोटापाण्याचा आहे. अशाच एका दुकानात चार वर्षं काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभा आहे.

पहिली गोष्ट, वेलांटीताई, त्या मुलीने तुमच्या आवडीनिवडीला नापास केलेलं नाही. काउंटरवर आमच्या डोक्यात एकच प्रश्न असतो : हा कपडा दीड महिन्यात उठेल का? कपडा चांगला असणं वेगळं आणि त्याला उठाव असणं वेगळं. तुम्ही किती मोजले होते याचा आमच्या हिशोबाशी काही संबंध नाही. लोक पावत्या घेऊन येतात, वाईट वाटतं, पण आम्ही त्या बघतही नाही.

हात आत घालून काय बघतो ते सांगतो. आधी बगल. तिथे पिवळेपणा किंवा कडकपणा असेल तर पुढे बघायची गरज उरत नाही. मग कॉलरची आतली दुमड आणि कफ, कारण बाहेरून स्वच्छ दिसणारा शर्ट तिथे विरलेला असतो. पँट असेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला बोटं फिरवायची. कापड पातळ झालंय हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. चेन दोनदा वर-खाली. काजं आणि बटणं मोजायची, शेवटचं बटण हमखास नसतं. खालची दुमड उसवली आहे का ते बघायचं. मग कपडा खिडकीकडे धरायचा. उजेड आरपार आला की बारीक भोकं ताऱ्यांसारखी दिसतात. आणि सगळ्यात शेवटी वास. डांबरगोळी, सिगारेट, बंद कपाटाचा कुबट वास. यातला एकही वास एका धुण्यात जात नाही आणि एका कोटाचा वास अख्ख्या रॅकला लागतो.

लेबल कापलेलं असेल तर अर्धं गिऱ्हाईक गेलं. मानेला टोचतं म्हणून लोक कापतात हे कळतं मला, पण मग माप काय आणि कापड कुठलं, दोन्ही आम्हीच ओळखत बसायचं.

कोटाबद्दल : तुम्ही तो कधी नेलात? थंडी सरल्यावर नेला असेल तर तिथेच उत्तर आहे. आम्ही ऋतूच्या दोन-अडीच महिने आधी माल घेतो. उन्हाळ्यात लोकरी कोट घेणं म्हणजे सहा महिने हँगर अडवणं.

रोख की खरेदी : आमच्याकडे आम्ही जी किंमत लावू तिचा तिसरा हिस्सा रोख, किंवा रोखीऐवजी दुकानातूनच तेवढ्याचं काही घ्यायचं ठरवलं (तीच 'खरेदी') तर निम्मा. दुकानागणिक आकडा बदलतो, पण खरेदीचा भाव रोखीपेक्षा जास्त हे बहुतेक ठिकाणी सारखंच. तिथून तुम्ही काही घेणारच असाल तर खरेदी. घेणार नसाल तर रोखच बरी, नाहीतर कपाट रिकामं करायला गेलात आणि भरून आलात असं व्हायचं.

वेलांटी
थंडी नुकतीच संपली होती. :( डांबरगोळ्याही होत्या. कोट खिडकीशी धरून मात्र बघितला नव्हता. बघते.

संशयी
गल्ल्यामागून, माहिती उत्तम, पण एक विचारतो. तिसरा हिस्सा? म्हणजे शंभराला विकायचा कपडा तेहतीसला घ्यायचा, एक दांडी लावायची आणि त्याला अडकवून सदुसष्ट खिशात? शिवणारा कमवत नाही इतकं.

गल्ल्यामागून
संशयी, सगळे कपडे शंभराला विकले गेले असते तर मी आज हे फुरसतीत टाइप करत बसलो नसतो. दहातले चार-पाच लावलेल्या किमतीला जातात. उरलेल्यांची किंमत उतरवावी लागते, काहींची दोनदा, आणि एखाद-दुसरा पडूनच राहतो. त्या पडून राहिलेल्याचेही तेहतीस आम्ही दिलेले असतात. जागेचं भाडं, माणसं, वीज, वाफेची इस्त्री आणि चेंजिंग रूममध्ये फाटणारे कपडे हे त्या सदुसष्टातूनच जातं. चोऱ्याही.

बाराखडी
हा धोका दुकानाने घ्यायचा नसेल तर दुसरी पद्धत असते. कपडा तुमच्याच मालकीचा राहतो, दुकान फक्त तो लावतं, विकला गेला तर तुम्हाला तुमचा वाटा. इंग्रजीत कन्साइनमेंट. आपल्याकडे व्यापाऱ्यांत याला छान शब्द आहे : जांगड. जांगडीवर माल ठेवला म्हणजे विकला तर पैसे, नाही विकला तर माल परत.

जांगडीत वाटा मोठा मिळतो, चाळीस ते साठ टक्के, पण पैसे यायला दोन-तीन महिने. मी असे दोन ड्रेस आणि एक चामड्याची पर्स ठेवली होती. पर्स विकली गेली. ड्रेसचं मी विसरले. नव्वद दिवसांची मुदत होती आणि मुदतीनंतर पंधरा दिवसांत नेलं नाही तर वस्तू दुकानाची, असं मीच सही केलेल्या कागदावर बारीक अक्षरात होतं. ड्रेस गेले. भांडायला गेले तर त्यांनी माझी सही दाखवली. सही सुंदर आली होती.

तेव्हा जांगडीवर ठेवणाऱ्यांनी कागदावर हे बघा : मुदत किती, किंमत कधी आणि किती उतरवणार, उतरवल्यावर तुमचा वाटा कशाचा धरणार, आणि कपडा दुकानात चोरीला गेला किंवा डागाळला तर भरपाई कोणाची. शेवटचं बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. लिहून घ्या, आणि मुदतीची तारीख फोनमध्ये टाका.

दीडशहाणा
"सही सुंदर आली होती" __/\__

अनुस्वार
दुकानाच्या नादी न लागता मी स्वतः ऑनलाइन विकायचं ठरवलं होतं. तिसरा हिस्सा कोण घेणार, आपण पूर्ण घेऊ, असा बाणा.

एका कपड्यामागे काय काय करावं लागतं ऐका. उजेड चांगला असताना सहा फोटो. छाती, खांदा, बाही, लांबी ही मापं टेपने घेऊन लिहायची. डागाचा फोटो जवळून, नाहीतर परत येतो. मग निरोप सुरू. "आहे का?" आहे. "शेवटचे किती?" तेवढेच. "अजून एक फोटो, अंगात घालून." बरं. मग चार दिवस शांतता. मग रात्री साडेअकराला "आहे का?"

तीन महिन्यांत अकरा कपडे गेले. एक परत आला, कारण फोटोत रंग "जास्त आनंदी" वाटला होता. तासांचा हिशोब केल्यावर गल्ल्यामागून यांच्या तिसऱ्या हिश्श्याबद्दल मला नितांत आदर वाटू लागला. महागडी एखादी वस्तू असेल तर स्वतः विकायला अर्थ आहे. साधे शर्ट-पँट दुकानात द्या आणि मोकळे व्हा.

सुईदोरा
बगलेतल्या पिवळ्या डागांबद्दल थोडं, कारण बरेच चांगले कपडे तिथेच नापास होतात. तो पिवळेपणा नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये अॅल्युमिनियमचे क्षार असतात, त्यांची घामाशी गाठ पडून तो थर बसतो. लोक घाबरून क्लोरीनचं ब्लीच ओततात आणि डाग आणखी पिवळा होतो. सुती पांढऱ्या कपड्याला सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं ते) कोमट ते गरम पाण्यात घालून काही तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका, उष्णतेने पक्का होतो. रेशीम आणि लोकर मात्र त्यात चुकूनही घालू नका.

आणि कपड्यावर बारीक गोळे येतात ना, ते लोकरीवर आले तर काही काळाने झडतात. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर झडत नाहीत, कारण तो धागा चिवट, गोळा घट्ट धरून ठेवतो. गोळे काढायचं छोटं यंत्र मिळतं. विकायला नेण्याआधी दहा मिनिटं ते फिरवा, स्वेटर दोन वर्षांनी लहान दिसतो.

पानगळ
हे यंत्र माणसांवर चालतं का?

चष्मिष्ट
डेनिमचा शर्ट लगेच उचलला याचं मला नवल वाटत नाही. जुन्या डेनिमचे शौकीन जगभर आहेत. लिव्हाइजच्या जीन्सवर मागच्या खिशाला लाल फीत असते बघा, ती १९३६ सालची कल्पना. त्या फितीवरच्या नावात १९७१ पर्यंत ई हे अक्षर मोठ्या लिपीतलं असायचं, त्यानंतर लहान आलं. संग्राहक त्या एका अक्षरासाठी जीव टाकतात. तेव्हा वडिलांची जुनी जीन्स पोछ्याला लावण्याआधी फीत बघा.

संशयी
बघितली. मोठा ई आहे!! मी श्रीमंत झालो का?

चष्मिष्ट
शांत व्हा. कंपनी स्वतःच जुन्या धाटणीच्या जीन्स पुन्हा काढते, त्यांच्यावरही मोठा ई असतो. नुसत्या अक्षरावर जाऊ नका. आत धुण्याच्या सूचनांचं चिन्हांवालं लेबल आहे?

संशयी
आहे. त्यावर एका वेबसाइटचा पत्ताही आहे.

चष्मिष्ट
मग १९७१ च्या आधीची नसावी.

मुक्काम
तुम्ही सगळे विकण्याच्या मागे का लागला आहात? मी सरळ देऊन टाकतो. कोणाच्या तरी अंगावर जातं, आपल्याला समाधान. घासाघीस नको, हिशोब नको.

बाराखडी
मुक्काम, भावना चांगली आहे, पण "कोणाच्या तरी अंगावर" हे प्रत्येक वेळी होतं असं समजू नका. देणगीपेटीत टाकलेल्या कपड्यांतला मोठा भाग तिथेच वाटला किंवा विकला जात नाही. त्याची गाठोडी बांधून परदेशी व्यापाऱ्यांना वजनावर विकली जातात. घानाची राजधानी अक्रा, तिथला कान्तामान्तो बाजार अशा गाठोड्यांवर चालतो. तिथले विक्रेते गाठोडं न उघडता विकत घेतात, आत काय निघेल ते नशीब. चांगलं निघालं तर कमाई, डागाळलेलं आणि फाटकं निघालं तर कर्ज. या कपड्यांना तिथे "ओब्रोनी वावू" म्हणतात, म्हणजे मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. इतके कपडे जिवंत माणूस का देऊन टाकेल, असं लोकांना वाटलं म्हणे.

थोडक्यात, तुमच्या बगलेचा डाग कोणाच्या तरी माथी जातोच. द्या, पण तुम्ही मित्राला द्याल असेच द्या.

मुक्काम
हे माहीत नव्हतं. फाटक्यांचं मग करायचं काय? त्यापासून नवं कापड करतात ना?

चष्मिष्ट
फार कमी. एलन मॅकार्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात आकडा आहे : कपडे बनवायला लागणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहून कमी पुन्हा कपड्यांच्या रूपात येतो. बाकी पुसणी, गाद्यांचं भरण, नाहीतर कचरा. मिश्र धागे वेगळे करणं हीच मोठी अडचण.

कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरी चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं. त्या कापडाला शॉडी म्हणत. इंग्रजीत निकृष्ट कामाला शॉडी म्हणतात तो शब्द तिथूनच आला.

पानगळ
धागा कपडे विकण्यावरून १८१३ ला पोचला. परत या मंडळी.

बोलकी बाहुली
मी येते परत. :) मापांचा गोंधळ कोणी काढलाच नाही. माझा जुना ड्रेस दुकानाने परत केला, म्हणे "लेबलवरचं माप आणि कपड्याचं माप जुळत नाही, गिऱ्हाईक चिडतं." ड्रेस आईच्या वेळचा. तेव्हाचा चौदा म्हणजे आताचा आठ-दहा! अमेरिकेत १९५८ साली स्त्रियांच्या मापांचं सरकारी मानक काढलं होतं, ते १९८३ मध्ये मागेच घेतलं. तेव्हापासून ज्याला जे वाटेल ते तो लिहितो. गिऱ्हाइकाला बारीक झाल्याचा आनंद मिळावा म्हणून आकडे खाली सरकत गेले.

गल्ल्यामागून
बोलकी बाहुली, अगदी. म्हणून आम्ही जुन्या कपड्यांना लेबलवरचं माप लावत नाही, टेपने मोजून आमचा वेगळा टॅग लावतो. पण हे सगळी दुकानं करत नाहीत. तुम्हीच मोजून चिठ्ठी पिनेने लावून नेलीत तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला दुवा देईल. आणि शनिवारी दुपारी दोन पिशव्या घेऊन येऊ नका, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी या. दमलेला माणूस "नको" लवकर म्हणतो, हे मी माझ्यावरूनच सांगतो.

वेलांटी
कोट खिडकीशी धरला.

कॉलरच्या खाली डाव्या बाजूला तीन भोकं. टाचणीच्या डोक्याएवढी. आणि अस्तराच्या शिवणीत तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी पांढरं, चिकटलेलं. मी वर्षानुवर्षं कपाट उघडून या कोटाकडे "महागाचा आहे हां" असं बघत होते, आणि आत दुसरंच कोणीतरी तो वापरत होतं.

सुईदोरा
अरेरे. कसर लागली. ते पांढरं म्हणजे अळीचा कोष. उडणारा पतंग लोकर खात नाही, अळी खाते, आणि घामाचा, मळाचा अंश असलेली जागा तिला आधी आवडते, म्हणून कॉलर.

कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतलं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कोट ओला होतो. मग ब्रश, मग रफू. आणि कपाटातले बाकीचे लोकरी, रेशमी कपडे आजच तपासा, उद्या नाही.

दीडशहाणा
त्या मुलीने दहा मिनिटांत रोगनिदान केलं आणि फीसुद्धा घेतली नाही.

वेलांटी
खरंय. आता वाटतं, विचारलं असतं तर तिने सांगितलंही असतं.

गल्ल्यामागून
सांगितलं नसतं बहुधा. "तुमच्या कोटाला कसर आहे" असं तोंडावर म्हटलं की माणसं भांडतात. आम्ही "सध्या जागा नाही" म्हणतो.

वेलांटी
तीन आठवड्यांनी अपडेट. बुधवारी सकाळी गेले. या वेळी सहाच कपडे, मापांच्या चिठ्ठ्या लावलेले, उन्हाळी. पाच घेतले. सहाव्याची चेन अडकत होती, मला घरी कळलंच नव्हतं. खरेदी घेतली, रोख नाही.

आता ऐका. रॅकवर माझा डेनिमचा शर्ट होता! मला मिळाले त्याच्या बरोबर तिप्पट किंमत लावलेली. (संशयी, तुमची आठवण झाली.) एका मुलीने तो अंगात घातला, बाह्या दोनदा दुमडल्या, आरशासमोर इकडून तिकडून वळून बघितलं. वरून दुसरं बटण मी काळ्या दोऱ्याने लावलं होतं, घरात निळा दोरा नव्हता म्हणून. तिचं बोट नेमकं त्या बटणावर थांबलं. तिने शर्ट काढून परत अडकवला आणि दुसरा घेतला. मला इतका राग आला तिचा! माझ्याकडे असताना मी ज्याच्याकडे ढुंकून बघत नव्हते त्या शर्टासाठी.

संशयी
तिप्पट. नोंद घेतली आहे.

गल्ल्यामागून
दोरा बदलायला हवा होता आमच्या माणसाने. तीस दिवस झाले की किंमत उतरते, तेव्हा येऊन परत घ्या, तुमच्याकडे खरेदी शिल्लक असेलच.

वेलांटी
डोक्यात तेच आहे, पण घरी सांगायची हिंमत नाही.

पानगळ
आणि कोट?

वेलांटी
फ्रीझरमध्ये. आज सतरावा दिवस. बर्फाचा ट्रे ठेवायला जागा नाही. घरच्यांनी विचारायचं सोडलंय.